बॉग टर्टल कसं ओळखायचं: न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी, चिखलात पाय घालायच्या आधी

मे महिना लागला की आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर एक तरी फोटो पडतोच. तळ्याकाठी नाहीतर अपार्टमेंटमागच्या नाल्यात कोणाला तरी कासव दिसलेलं असतं आणि खाली प्रश्न, "हे ते एंडेंजर्डवालं का हो?" पहिल्या वर्षी असा फोटो टाकणारी मीच होते, आणि मी तर प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, डायरेक्ट जाहीर करून टाकलं होतं. तळहाताएवढं, चिखलाने माखलेलं काळं कासव, मानेजवळ काहीतरी पिवळं. लिहिलं "बॉग टर्टल!!", पार्कचं नाव टाकलं, गाडी कुठे लावायची तेपण टाकलं. लाइक्सचा पाऊस. रात्री ग्रुपमधल्या एका जाणकार काकांचा पर्सनल मेसेज आला की अगं हे साधं पेंटेड टर्टल आहे, आणि देवाची कृपा म्हण, कारण तू म्हणतेस ते असतं तर आत्ता तू चोरांना घरपोच पत्ता दिलास.

त्या एका मेसेजने दोन गोष्टी कळल्या. एक, मला कासव ओळखता येत नाही. दोन, ओळखता आलं तरी बोंबलायचं नसतं. त्यानंतर तीन-चार सीझन मी या विषयाच्या मागे लागले, वाचलं, चुकले, शेवटी परमिटवाल्या लोकांबरोबर सर्व्हेला जाऊन प्रत्यक्ष बघितलं. तेव्हा हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्याला माझ्यासारखं तोंडावर पडायला नको.

आधी थोडी ओळख. बॉग टर्टल हे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात छोट्या कासवांपैकी एक. पूर्ण वाढलेलं कासव म्हणजे पाठीची ढाल साधारण ३ ते ४ इंच, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आपली वरणाची वाटी पालथी घाला, तेवढंच. राहतं मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागापासून कनेक्टिकट, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँडपर्यंत, मग मध्ये बराच मोठा गॅप आणि परत खाली व्हर्जिनियापासून जॉर्जियाच्या डोंगराळ भागात. न्यू जर्सीने १९७४ मध्येच त्याला एंडेंजर्ड ठरवलं, केंद्र सरकारने १९९७ मध्ये उत्तरेकडच्या कासवांना थ्रेटन्ड यादीत घातलं, आणि २०१८ पासून ते न्यू जर्सीचं राज्य सरपटणारा प्राणी आहे, ज्यासाठी प्रिन्स्टनच्या शाळेतल्या पोरांनी पाठपुरावा केला होता. म्हणजे आपल्याकडे शेकरू तसं इकडे हे. फरक इतकाच की शेकरू भीमाशंकरला गेलात तर नशिबाने दिसतं तरी, हे इथे जन्म काढलेल्या लोकांनी पण पाहिलेलं नसतं.

१. आधी स्वतःला विचारा: शोधायचंय की दिसलं तर ओळखायचंय?

हा फरक नवीन लोकांना कोणी सांगत नाही. फिरायला गेलात, वाटेत कासव दिसलं, लांबून बघितलं, फोटो काढला, यात काही गैर नाही. पण मुद्दाम त्याच्या जागेत घुसून गवत बाजूला सारत, चिखलात काठ्या खुपसत शोधणं, हातात उचलणं, उलटं करून बघणं, घरी आणणं, हे परमिटशिवाय करायचं नाही, कायद्याने नाही. केंद्राच्या कायद्यात "त्रास देणं" हेही गुन्ह्यातच मोडतं, नुसतं मारणं किंवा पळवणं नाही. आपण इथे व्हिसावर असतो, एखाद्या कासवापायी वन्यजीव कायद्याचं लफडं कोणालाच नको असतं.

तेव्हा हा लेख "दिसलं तर कसं ओळखायचं" यासाठी आहे. शोधायलाच जायचं असेल तर सरळ स्टेप ८ वाचा, त्याचा नीट मार्ग आहे.

आणि जमिनीचं बघा. यांच्या बऱ्याच जागा खाजगी शेतांवर आहेत. गावाकडे आपण कुणाच्याही बांधावरून जातो आणि कोणी काही बोललंच तर "पाव्हणं आहे" म्हणून सुटतो, इथे ते चालत नाही. मालकाची परवानगी, शक्यतो लेखी, ईमेल चालेल.

२. सामान

जास्त काही लागत नाही, पण जे लागतं ते लागतंच:

- गुडघ्यापर्यंतचे गमबूट. स्पोर्ट शूज घालून गेलात तर एक बूट चिखलात राहतो, अनुभव आहे.
- दुर्बीण, ८ बाय ४२ वगैरे, जवळचं पण फोकस होईल अशी. झूम कॅमेरा असेल तर तो.
- फिकट रंगाची फुल पँट, मोज्यात खोचलेली. कारण गोचीड. इथली डीअर टिक नावाची गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असू शकते आणि तिच्यामुळे लाइम डिसीज होतो. घरी आल्यावर आंघोळ करून गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा, पोरांना तर नक्कीच.
- छोटी वही आणि पेन्सिल. चिखलाच्या हाताने फोन चालत नाही.
- सरकारी किंवा ट्रस्टची जागा असेल तर तिथले नियम, खाजगी असेल तर परवानगीची प्रिंट किंवा स्क्रीनशॉट.
- बूट धुवायला ब्रश आणि पाणी, हे पुढे सांगते.

पॉयझन आयव्ही ओळखायला शिका, तीन-तीन पानांची वेल, आपल्या खाजकुयलीची अमेरिकन चुलत बहीण समजा. आणि अशाच ओल्या जागेत पॉयझन सुमॅक नावाचं झुडूप पण असतं, ते अजून वाईट. मला दोन्ही झालेत, जास्त बोलत नाही.

३. कासवाच्या आधी जागा ओळखा

माझ्या मते अर्धी-पाऊण ओळख इथेच होते आणि लोक नेमकं हेच सोडून डायरेक्ट कासवाच्या रंगावर जातात. तुम्हाला मोठ्या तळ्यात, पार्कच्या लेकमध्ये लाकडावर रांगेत बसलेली कासवं दिसली तर ती बॉग टर्टल नाहीत. नदीच्या मुख्य प्रवाहात पोहणारं पण नाही. याला खोल पाणी आवडतच नाही.

नावात बॉग असलं तरी खरी बॉग म्हणजे आम्लधर्मी दलदल ही त्याची आवडती जागा नाही. त्याला लागतं ते उघडं, ऊन येणारं, झऱ्याच्या पाण्याने कायम ओलं राहणारं कुरण. आमच्याकडे मावळात भातखाचरांच्या बांधाखाली पावसाळ्यात उपळ फुटतात ना, जमिनीतूनच गार पाणी पाझरत राहतं आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत जातो, ते दृश्य डोळ्यासमोर आणा आणि ते वर्षभर तसंच राहतं असं समजा. जमिनीतून येणारं पाणी असल्याने ते उन्हाळ्यात गार असतं आणि थंडीत पटकन गोठत नाही, म्हणूनच कासव तिथेच चिखलात थंडी काढू शकतं.

काय काय बघायचं ते सांगते. एक, मऊ काळा गाळ, ज्यात काठी सहज आत जाते (काठी घालून बघायला सांगत नाहीये, तुमचा पायच सांगेल). दोन, बोटभर-वीतभर खोलीचे छोटे ओघळ, एकमेकांत गुंतलेले. तीन, लव्हाळ्याचे उंचवटे. हे महत्त्वाचं. टसॉक सेज नावाचं इथलं लव्हाळं जागच्या जागी वाढून डोक्याएवढे गठ्ठे तयार करतं, लांबून बघितलं तर केस पिंजारलेल्या मुंडक्यांची सभा बसल्यासारखी दिसते. कासव याच गठ्ठ्यांवर ऊन खायला चढतं, यातच मादी अंडी घालते कारण तेवढाच भाग पाण्याच्या वर कोरडा राहतो. चार, झाडांची सावली कमी. रेड मेपल आणि आल्डर वाढून सावली पडली की ही जागा त्याच्यासाठी संपली.

लवकर वसंतात स्कंक कॅबेजची मोठी हिरवी पानं चिखलातून वर आलेली दिसली तर तिथे पाझर असण्याचा चान्स चांगला. पान चुरगळलं की घाण वास येतो, म्हणून नाव तसं. त्याच्या बिया बॉग टर्टल खातं पण, बाकी गोगलगायी, गांडुळं, किडे, बेरी, जे मिळेल ते.

आता एक गोष्ट जी मला ऐकून इतकी मजा वाटली की आईला लगेच फोन केला. अशा बऱ्याच चांगल्या जागा जुन्या डेअरी फार्मवर आहेत. गाई चरतात, झुडपं वाढू देत नाहीत, खुरांनी चिखल तुडवतात, आणि कासवाला हवं तसं उघडं कुरण आपोआप टिकतं. पूर्वी हे काम बीव्हर करायचे, झाडं पाडून आणि बांध घालून नवीन नवीन उघड्या ओल्या जागा तयार व्हायच्या. मग डेअऱ्या बंद पडल्या, गाई गेल्या, आणि दहा-पंधरा वर्षांत तिथे झाडं, फ्रॅगमायटिस नावाचं उंच बोरू आणि पर्पल लूसस्ट्राइफ नावाचं जांभळ्या फुलांचं तण माजलं. काही ठिकाणी तर आता मुद्दाम गाई नाहीतर बकऱ्या सोडतात कासवासाठी. आई म्हणाली, "म्हंजे आपल्या म्हशी खाचरात लोळायच्या ते बरोबरच होतं की." आता काय बोलणार.

तर जागा अशी नसेल तर ९९ टक्के विसरा. जागा अशी असेल तर पुढे वाचा.

४. कधी

एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं की ही कासवं चिखलातून वर येतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात बरा, कारण गवत अजून बुटकं असतं आणि सकाळी गारठलेलं कासव ऊन खायला वर बसतं. सर्व्हेवाले पण साधारण याच काळात जातात. जुलै-ऑगस्टमध्ये गवत छातीपर्यंत, तेव्हा पायाखालचं दिसत नाही आणि त्यात जून-जुलैत अंडी लव्हाळ्याच्या गठ्ठ्यात असतात, म्हणजे तुमचा एक पाय चुकला की एका मादीची वर्षभराची मेहनत गेली. मादी वर्षातून एकदाच घालते आणि १ ते ६ अंडी, बहुतेकदा तीनच्या आसपास. त्या दिवसांत आत जाऊच नका. पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, इंचभराची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सगळी मंडळी परत चिखलात.

५. कासव दिसलं: हालू नका, डोकं बघा

पहिली प्रतिक्रिया "अय्या!" करून पुढे धावायची असते. नको. हे चाहूल लागली की दोन सेकंदात चिखलात घुसतं आणि मग तुम्ही तिथे तासभर उभे राहिलात तरी दिसणार नाही. जिथे आहात तिथेच थांबा, दुर्बीण लावा.

या क्रमाने बघा.

डोक्याची बाजू. डोळ्याच्या मागे, कानाच्या जागेवर, दोन्ही बाजूंना एकेक मोठा ठळक डाग, भडक नारिंगी ते पिवळा. हीच मुख्य खूण. हळदकुंकवाचं बोट गालाला पुसल्यासारखा, रेघ नाही, ठिपका नाही, डाग. कधी कधी तो दोन तुकड्यांत तुटलेला असतो, कधी फिकट असतो, पण असतो. बाकी डोकं गडद.

पाठीची ढाल. फिकट तपकिरीपासून काळ्यापर्यंत, लांबट, फार घुमटाकार नाही. ठिपके नाहीत, पिवळ्या रेघा नाहीत, कडेला लाल नाही. तरुण कासवात प्रत्येक खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उठून दिसतात, मधोमध हलका कणा असतो, आणि काहींच्या खवल्यांवर मधून बाहेर पसरणारी तांबूस किरणं असतात. पण म्हातारी कासवं आयुष्यभर चिखलात घासून घासून गुळगुळीत होतात, तेव्हा वर्तुळं नाहीत म्हणून बाद करू नका.

साइज. ४ इंचाच्या फार वर गेलं तर शंका घ्या. तुमचं क्रेडिट कार्ड जवळपास साडेआठ सेंटीमीटर लांब असतं, तो अंदाज डोळ्यात बसवून जा. कासवाजवळ कार्ड नेऊन ठेवायचं नाही, एकाने ते पण केलं होतं आणि कार्ड चिखलात गेलं.

पोटाकडची बाजू गडद तपकिरी-काळी, त्यात पिवळसर धब्बे. पण ही खूण तुमच्यासाठी नाही, कारण त्यासाठी उलटं करावं लागतं. नर-मादी पण तसंच, नराची शेपटी जाड आणि लांब, पोट जरा खोलगट, हे उचलल्याशिवाय धड कळत नाही, सोडून द्या.

६. आता बाद करत चला

खरं तर ओळख म्हणजे बाकीचे नाहीत हे सिद्ध करणं. मी ज्या ज्या कासवांना बॉग टर्टल समजले ती सगळी इथे आहेत.

*पेंटेड टर्टल.* माझं पहिलं. सगळीकडे सापडतं, तळ्यात लाकडावर बसलेली ती हीच बहुतेक. डोळ्यामागे पिवळा ठिपका असतो आणि तिथेच लोक फसतात. पण मानेवर पिवळ्या-लाल रेघा असतात आणि ढालीच्या कडेला खालच्या बाजूने लाल नक्षी. ढाल चपटी, गुळगुळीत. चिखल लागला असेल तर लाल दिसत नाही, म्हणून मानेच्या रेघा शोधा. रेघा दिसल्या, विषय संपला.

*स्पॉटेड टर्टल.* हे खरं अवघड, इथे थोडा वेळ द्या. साइज जवळपास तेवढीच, जागा पण पुष्कळदा तीच, आणि वर कहर म्हणजे याच्या डोक्याच्या बाजूला पण नारिंगी-पिवळा डाग असू शकतो. फरक काय, तर काळ्या गुळगुळीत ढालीवर पिवळे गोल ठिपके, चांदण्या शिंपडल्यासारखे. सोपं वाटतं ना? पण काहींना दोन-चारच ठिपके असतात, क्वचित एकही नसतो. अशा वेळी डोक्यावर आणि मानेवर वरून बारीक पिवळे ठिपके आहेत का बघा. ढाल अगदी गुळगुळीत, कणा नाही, वर्तुळं नाहीत, अशी असेल तर स्पॉटेडकडे झुका. तरी नक्की नसेल तर "नक्की नाही" असंच लिहा, तोही अडचणीतलाच प्राणी आहे, त्याचीही नोंद उपयोगाची असते. माझा दुसऱ्या सीझनचा "बॉग टर्टल" हा होता, फोटो झूम केल्यावर मानेवर तीन ठिपके निघाले. तीन.

*वूड टर्टल.* मोठं असतं, ७-८ इंच, ढाल कोरीव लाकडासारखी, प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा वर आलेला, आणि मान व पाय नारिंगी. पिल्लू असेल तर गोंधळ होऊ शकतो, पण गालावर तो डाग नसतो.

*मस्क टर्टल.* छोटं, काळपट, चिखलवालं, त्यामुळे नाव घेतलं जातं. पण तोंडावर दोन फिकट रेघा, नाकापासून मागे जाणाऱ्या, आणि हनुवटीला मिशीसारखे बारीक कोंब. त्रास दिला की घाण वास सोडतं. दिला का ते मला विचारू नका.

*मड टर्टल.* दक्षिण जर्सीत. साधं तपकिरी, काहीच नक्षी नाही, गालावर डाग नाही.

*बॉक्स टर्टल.* लोकांच्या लॉनवर, रस्त्यावर, ट्रेलवर सापडतं ते बहुतेक हेच. उंच घुमट, पिवळी-नारिंगी नक्षी, कोरड्या जमिनीवर आरामात चालणारं. घाबरलं की पोटाच्या बिजागरीने डबीसारखं बंद होतं.

*स्नॅपिंग टर्टलचं पिल्लू.* इंचभर-दोन इंचाचं, खडबडीत, लांब शेपूट, शेपटीवर करवतीसारखे दात. हे मोठं होऊन काय होणारे ते बघितलंत तर परत बॉग टर्टल म्हणणार नाही.

*रेड इअर्ड स्लायडर.* डोळ्यामागे लाल पट्टा. मॉलमधल्या टाकीतून लोकांनी तळ्यात सोडलेलं. पुण्या-मुंबईतल्या तलावांत पण हेच आढळतं, कारण तिकडेही एक्वेरियमच्या दुकानातून नाण्याएवढं आणतात, बशीएवढं झालं की "मोकळं करतो" म्हणून नेऊन सोडतात.

नवशिक्यांसाठी माझा साधा नियम: मानेवर रेघा असतील तर नाही, ठिपके असतील तर नाही, ढाल डबीसारखी बंद होत असेल तर नाही, मोठ्या उघड्या पाण्यात असेल तर नाही. हे सगळे "नाही" पार करून गालावर मोठा नारिंगी डाग उरला, आणि पायाखाली पाझराचा चिखल आणि लव्हाळं असेल, तर मग छाती धडधडू दे.

७. फोटो, नोंद आणि तोंड बंद

फोटो लांबूनच, झूम करून. डोक्याची बाजू एक, ढाल वरून एक, आजूबाजूचं गवत एक. तीन फोटो, मग मागे फिरा, ज्या पावलांवर आलात त्याच पावलांवर.

आणि आता ट्रॅप, जिथे माझ्यासारखे शिकलेले लोक पडतात:

- फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करा. फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लपून बसतात. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला तर सहसा निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवला तर तसेच जातात.
- आयनॅचरलिस्टवर (लोक दिसलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात ते ॲप) धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर केली जाते, पण ती जात बरोबर लिहिली तरच. तुम्ही नुसतं "कासव" म्हणून टाकलंत तर जागा उघडी राहते. टाकायचंच तर जिओप्रायव्हसी स्वतः प्रायव्हेट करा आणि वर्णनात रस्त्याचं नाव लिहू नका.
- फोटोत मागे लाल कोठार, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर आला तर क्रॉप करा. लोक तेवढ्यावरून जागा शोधतात.
- मित्रांना गंमत म्हणून पण नाही. नवऱ्याला सुद्धा मी फक्त "वायव्येकडे" एवढंच सांगितलंय.

हे सगळं कशाला, तर पाळीव प्राण्यांच्या चोरबाजारात याला मागणी आहे. त्यामुळेच १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात याला पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे सगळ्यात कडक बंदीत. हे कासव वयात यायलाच पाच-सात वर्षं, कधी जास्त लावतं, आणि मग चाळीसेक वर्षं जगतं. एका छोट्या कुरणात मोजकीच असतात, त्यातल्या दोन माद्या कोणी उचलल्या तर तिथलं गणितच बसत नाही.

कळवायचं कुठे? न्यू जर्सीत फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा दुर्मिळ प्राणी दिसल्याचा फॉर्म असतो, तो त्यांच्या साइटवरून भरा. त्यात लागतं: तारीख, वेळ, नकाशावर नेमकी जागा (इथे मात्र नेमकीच द्यायची), फोटो, तुम्ही कशावरून ओळखलं, आणि तुमचा संपर्क. "बहुतेक" वाटत असेल तर बहुतेक असं लिहा, खोटी खात्री नको. उत्तर यायला वेळ लागतो, रोज ईमेल करू नका, मी केले. कोणी कासवं उचलताना, पिशव्या-सापळे घेऊन फिरताना दिसलं तर राज्याच्या पर्यावरण खात्याची हॉटलाइन आहे, १-८७७-९२७-६३३७, तिथे लगेच फोन, स्वतः भांडायला जाऊ नका, गाडीचा नंबर मिळाला तर टिपून घ्या. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्कवाल्यांनी आपापल्या राज्याचं खातं शोधा, फॉर्म वेगळे असतात.

रस्त्यावर कासव दिसलं तर? ते बॉक्स किंवा पेंटेड असेल तर ते ज्या दिशेने चाललंय त्याच दिशेला रस्त्यापलीकडे ठेवा. परत मागे आणलंत तर ते पुन्हा रस्ता ओलांडणार. "बिचारं हरवलंय" म्हणून गाडीत घालून पाच मैलावरच्या तळ्यात सोडणं ही चूक सगळ्यात जास्त मायाळू लोक करतात. आणि आपल्याकडे घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते म्हणतात, त्यांच्यासाठी: देवळातलं दगडी कासव बघा, ते पण गाभाऱ्याच्या बाहेर बसलंय, आणि जिथे बसवलंय तिथेच आहे.

८. खरंच बघायचंय? मग सर्व्हेला जा

परमिट असलेले बायॉलॉजिस्ट दर वसंतात ठराविक जागांची पाहणी करतात आणि काही वेळा त्यांना हाताखाली माणसं लागतात. लँड ट्रस्ट, राज्याचं खातं, निसर्गसंस्था यांच्या व्हॉलंटियर यादीत नाव द्या. लगेच सर्व्हेला घेतील अशी आशा नको. मला पहिलं काम मिळालं ते हिवाळ्यात रेड मेपलची झुडपं कापून ओढून नेण्याचं, कुठल्या तरी कुरणात, कासव नाही काही नाही, नुसती थंडी आणि पाठदुखी. दोनदा गेले, तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं मेमध्ये येणार का. फॉर्मवर सही घेतात की दुखापत झाली तर तुमची जबाबदारी, आणि जागा कोणाला सांगणार नाही.

तिथे सगळे रांगेत हळूहळू चालतात, बघून बघून, आणि परमिटवाला माणूस काठीने चिखल चाचपतो. ढालीला काठी लागली की जो पोकळ ठक आवाज येतो तो दगडापेक्षा वेगळा असतो म्हणे, मला अजून फरक कळत नाही. गारठ्यात किंवा पावसात जात नाहीत.

जायच्या आधी आणि आल्यावर बूट धुवायचे, हा नियम तिथे फार कडक असतो आणि तुम्ही एकटे फिरायला गेलात तरी पाळा. रानाव्हायरससारखे आजार एका कुरणातून दुसऱ्यात बुटाच्या चिखलातून जाऊ शकतात. ब्रशने सगळा चिखल काढायचा, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवायचे, धुवायचे, पूर्ण वाळवायचे. कुरणाजवळ नाही, घरी.

मला दिसलं ते तिसऱ्या सीझनला, साडेतीन तास काहीच नाही, आणि मग माझ्यापुढच्या बाईने नुसता हात वर केला. लव्हाळ्याच्या गठ्ठ्यावर, अंगावर वाळलेला चिखल, मान अर्धी बाहेर, आणि तो डाग. फोटोत दिसतो त्यापेक्षा नारिंगी. बायॉलॉजिस्टने उचललं, मोजलं, वजन केलं, ढालीच्या कडेच्या खवल्यांवर जुन्या खाचा होत्या, म्हणजे आधी कोणीतरी नोंदवलेलं. त्याने वही उघडली. पहिली नोंद मी भोरला पहिलीत असतानाची निघाली, आणि तेव्हासुद्धा ती पूर्ण वाढलेली मादी होती. पाच मिनिटांत तिला होती तिथेच ठेवलं, ती दोनदा पाय हलवून चिखलात गेली.

रात्री आईला फोटो पाठवला, नुसतं डोकं, बाकी सगळं क्रॉप करून. तिचा व्हॉइस मेसेज आला, "एवढंसं? आणि ह्यासाठी चार तास चिखलात? आणि फोटोत मागचं काहीच दिसत नाही गं, गेली कुठे होतीस नक्की?"

मी बूट धूत होते, उत्तर दिलं नाही.